साहेबाचा बॉल

हाव, सेक्रेटरी वकीलसाहेब म्हणजे आमचेच हे. नाव तुम्हीच घेतलं ते बरं झालं, मले घेता येत नाही. येतील आता — क्लबात मुरूम दाबून घेऊन राह्यले असतील, रोलरवर दुसऱ्याचा भरोसा नाही त्यायले. बसा ना भाऊ, नागपूरहून आले, च्या तरी घ्या. काय म्हणता — त्यायले नागपूरले न्यायचं? साऱ्या विदर्भाच्या टेनिसचं सेक्रेटरी करायचं? बरं आहे. कामच तसं केलं त्यायनं. पह्यले इथं फक्त साहेब लोक खेळत, मास्तर-कारकून जाळीबाहेर उभे. ह्यायनं सगळ्यायले आत घेतलं, पांढऱ्या पँटीची सक्ती काढली — पोस्टातले जानराव तर पायजम्यावर खेळले, अन जिंकले.

पण खरी गंमत साहेबाच्या बॉलची. तुमच्याकडं साहेबाचा बॉल आऊट जाते का? आमच्याकडं जात नव्हता. बडे साहेब असे मारत का बॉल पार लिंबाच्या बुडाशी — अन समोरचा म्हणे, लाईनवर आहे साहेब. काय करीन बिचारा, बदली कोणाले पाह्यजे? महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या साली हे म्हणाले, पुरे झालं, उंचावर अंपायर बसवू, तो सांगीन ते खरं. खुर्ची केली — खुर्ची कसली, डोणगावची, माह्या माहेरच्या वावरातली मचाण कापून आणली. पण बसते कोण? सगळे सरकारी नोकर. हे सोता त्या दिवशी साहेबासमोर खेळणार. मग —

मग बसलं कोणीतरी. हसता काऊन? बरं, मीच बसली. ज्वारीतले पाखरं हाकलत वाढली मी, कोणतं पाखरू कोणत्या कणसावर ते मचाणीवरून दिसते मले. अन माही बदली कोण करीन, भाऊ? साहेबाचा बॉल पडला वीतभर बाहेर — मी ओरडली, आऊट. अशी ओरडली का लिंबावरचे पोपट उडाले. साहेबानं माह्याकडं पाह्यलं, मग मुरमातल्या खुणेकडं, अन म्हणे, बाई बरोबर सांगून राह्यल्या. तवापासून दर इतवारी मीच बसते. ह्यायचाही देते आऊट — त्या दिवशी जेवताना बोलत नाहीत, भाकर मात्र एक जास्त खातात.

पेपरात ह्यायचंच नाव आलं. येऊ द्या. वर बसली का मले सारं ग्राऊंड दिसते, अन सारं ग्राऊंड माह्या तोंडाकडं पाह्यते — घरात कोण पाह्यते हो इतकं?

एक सांगा. नागपूरले तुमच्या खुर्चीवर कोण बसते? ... असं. अन बाई? ... नियमात नाही. बरं. नियम तुम्हीच करता ना? मग न्यायचं तर दोघायले न्या.

फाटक वाजलं. आले. त्यायले आता काही विचारू नका — ते एकट्यासाठीच लगेच हो म्हणतील. आधी तो नियम बदलून या. च्या संपवा भाऊ, खामगावची मोटार सुटते आत्ता.