सोमनाथचा ग्लास

अतुल : वहिनी, चार गिलास कशाला? आपण तर तिघंच की.

तनुजा : चौथा ह्यांचा. वाईन क्लब काढायचं खूळ ह्यांचंच ना, अतुल भाऊजी? बाटलीही ह्यांनीच आणलेली. वर्षभर ह्यांच्या शर्टांखाली पडून होती.

ऋतुराज : पण वहिनी, आत काकू आहेत. भरदुपारी त्यांच्या घरात हे... माझ्याकडं बसलो असतो ना यार, गारखेड्याला.

तनुजा : आईंना सांगूनच बसवलंय तुम्हाला. पोरगा पिऊन गाडी चालवताना मेला म्हणून त्यांनी ह्यांचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. हार घालू देत नाहीत. आता आणखी काय वाईट वाटायचंय त्यांना?

अतुल : पिशोरला माझ्या शेतातून तुमी दोघं निघाले, तवा सोमा मला चांगला शुद्धीत दिसला व्हता, ऋतुराज.

ऋतुराज : पोलिसांना सगळं सांगितलंय मी. तो विषय छोड ना आता.

तनुजा : बरं, ऐका. ह्यांनी वहीत क्लबचे नियम लिहून ठेवलेत. "आधी वास घ्यायचा. बोलायचं नाही. नाकाला येईल ते चिठ्ठीवर लिहायचं, पुस्तकातलं लिहायचं नाही. ज्याची चिठ्ठी कुणाशीच जुळणार नाही, त्यानं उरलेला ग्लास घ्यायचा."

अतुल : आरं देवा, सोमाचे कायदे! मला तर द्राक्षाबिगर काय कळायचं नाय बघा.

(तिघं ग्लास नाकाशी नेतात. चिठ्ठ्या लिहून होतात.)

तनुजा : वाचा, ऋतुराज भाऊजी.

ऋतुराज : जांभूळ. थोडं लाकूड. थोडी व्हॅनिला.

अतुल : मी लिवलंय, पुदिना. लई पुदिना. हसू नका, पण द्राक्षाचं नावच नाय.

तनुजा : माझंही तेच. पुदिना. त्याच्या आधी पिकलेलं सीताफळ, आणि ओलं पोतं.

अतुल : ओलं पोतं?... वहिनी, त्या दिवशी सीताफळं मी ओल्या पोत्यात घालून गाडीत ठिवली व्हती. तुमाला कुणी सांगितलं?

तनुजा : कुणीच नाही. ती गाडी मी पाहिलीसुद्धा नाही. मला दाखवलीच नाही कुणी.

अतुल : मग पुदिना कुठला? मी तर पुदिना दिला नव्हता.

ऋतुराज : बाटली खराब झाली असेल. वर्षभर कपाटात, उन्हाळा गेला तिच्यावरून. ओतून द्या बेसिनमध्ये.

तनुजा : चिठ्ठी तुमची जुळली नाही, भाऊजी. ह्यांचा ग्लास घ्या.

ऋतुराज : मला नको.

अतुल : नियम हाय. घे की. घाबरतो काय येवढा?

तनुजा : पिऊ नका. नुसता वास घ्या.

(ऋतुराज ग्लास नाकाशी नेतो.)

तनुजा : काय येतंय?

ऋतुराज : वहिनी, मला आधीच आला होता. पहिल्याच ग्लासात. मी मुद्दाम जांभूळ लिहिलं.

अतुल : काय आला व्हता?

ऋतुराज : पुदिना. त्या दिवशी निघताना पुदिन्याची गोळी सोमानंच दिली मला. म्हणाला, तोंडाचा वास येतोय तुझ्या, ही चघळ आणि चावी दे इकडं. मी गोळी घेतली. चावी नाही दिली.

अतुल : मंजी गाडी तू... आन् वरीसभर आमी सोमाच्या नावानं बोटं मोडली! माझ्या शेतात बसून तू सीताफळं खाल्ली ना रं या वर्षीबी!

ऋतुराज : त्यानं एक घोटही घेतला नव्हता, वहिनी. पिऊन गाडी तोच चालवत होता, असं पोलिसांना मीच सांगितलं. माझी नोकरी गेली असती, पोरगी लहान... तो तर गेलाच होता, मला वाटलं त्याला काय फरक पडतो.

तनुजा : मला पडला. मी रोज रात्री त्या फोटोच्या पाठीला विचारायची, का प्यायलात हो? भांडायची मी त्यांच्याशी. मेलेल्या माणसाशी. तुम्ही दर सणाला येऊन माझ्या हातचं जेवलात, भाऊजी.

ऋतुराज : मी कुठंही येऊन सांगायला तयार आहे आता. पोलिसात पण.

तनुजा : ते होईलच. आधी आत आई बसल्यात, त्यांना सांगा.

अतुल : वहिनी... जरा तुमचा गिलास हुंगा बरं.

तनुजा : का?

अतुल : पुदिना गेला. माझ्यात नुसती द्राक्षं लागत्यात.

तनुजा : माझ्यातही... आई, जरा बाहेर येता का? येताना ह्यांचा फोटो घेऊन या.