नीलाच्या घरची बचत

(चंडीगड, सेक्टर २२. १९९१ची थंडी नुकती सुरू झाली आहे. वरच्या मजल्यावर पद्मिनीकाकू राहतात, खाली नीला आणि विश्राम पारुळेकर. लीनाच्या नवऱ्याची बँकेतून इकडे बदली झाली आहे. महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेचं काम तिच्याकडे आलं आहे.)

लीना: ...म्हणजे खोल्या सारख्याच, मीटरही एकाच भिंतीवर, आणि नीलाताईंचं बिल तुमच्या निम्म्यानंही येत नाही. मला तेच हवंय काकू. सोलर कुकर, गोधडीतला भात, धुण्याचं पाणी झाडांना. दोन पानं राखून ठेवलीत मी. पण त्यांना विचारलं तर नुसत्या हसल्या. म्हणाल्या, वर पद्मिनीबाईंना विचार, मला नाही जमायचं सांगायला.

पद्मिनी: असं म्हणाली? माझं नाव घेऊन?

लीना: हो. का, काय झालं?

पद्मिनी: काही नाही. मग बस अशी, आणि ते पेन ठेव जरा खाली. आधी ऐक, मग काय लिहायचं ते तुझं तू ठरव.

लीना: बरं.

पद्मिनी: नीला मुळात काटकसरी नव्हतीच. मालवणकडची पोर, हात सढळ. इथं आली तेव्हा संध्याकाळी तिच्या घरात लग्नघरासारखा उजेड असायचा. स्वयंपाकघरात दिवा, न्हाणीघरात दिवा, अंगणात दिवा. कूलर घोंघावतोय, रेडिओ चालू, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या. मी कराडची, मला गप्प बसवत नाही. एकदा म्हटलं, अगं, वीजखात्यात कोण मामा आहे का तुझा? तर म्हणाली, घरात माणसं दोन, निदान आवाज तरी चारांचा असू दे.

लीना: मूलबाळ नाही त्यांना.

पद्मिनी: नाही. आणि विश्रामराव महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. त्यांचं खातं विहिरींचं पाणी मोजायचं. गावोगाव जायचं, विहिरीत फीत सोडायची, पाणी किती खाली गेलं ते टिपायचं. सांगायचे, इथलं पाणी दर साली खाली जातंय आणि लोक माझ्याकडं असे बघतात जसं मीच पिऊन टाकलंय. मोठे हसरे होते गं. तू पाहिलेस ते विश्रामराव वेगळे.

लीना: मी एकदाच पाहिलं. नमस्कार केला तर आत निघून गेले.

पद्मिनी: सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात जीप मिळाली नाही म्हणून ते रोपडहून बसनं परत येत होते. शेवटची बस नव्हती, दिवेलागणीची होती. कुराली यायच्या आधी रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावलेला. बस थांबली, आणि बंदुका घेतलेली पोरं आत चढली.

लीना: काकू...

पद्मिनी: ड्रायव्हरला आतले सगळे दिवे लावायला सांगितलं. हिंदू कोण, शीख कोण, माणसं निवडायची होती ना, तोंडं दिसायला हवीत. सगळे दिवे लागले, फक्त विश्रामरावांच्या डोक्यावरचा गेलेला होता. शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती, सरदारीण. डोळ्यात फूल पडलेलं. वाटेत तिनं त्यांना गावाचं नाव सांगितलं होतं, तर हे म्हणाले होते, तुमच्या गावची विहीर मी मोजलीय. तेवढीच ओळख. तिनं एका हातानं त्यांना सीटखाली दाबलं, वर आपला खेस, म्हणजे जाड चादर, टाकला, खेसावर गाठोडं ठेवलं आणि त्यावर पाय ठेवून बसून राहिली.

लीना: आणि बाकीचे?

पद्मिनी: उजेडात बसलेल्या काहींना खाली उतरवलं. पुढचं विश्रामरावांनी पाहिलं नाही. ऐकलं. पाणी हवंय का तुला?

लीना: नको. सांगा तुम्ही. आमचे हे पण रोपडच्या शाखेत जातात, आठवड्यातून दोनदा.

पद्मिनी: माहीत आहे मला. खिडकीत उभी असतेस तू, दिसतेस मला गच्चीवरून.

लीना: पुढं काय झालं?

पद्मिनी: हे सगळं नीलाला पुढं तुकड्यातुकड्यानं कळलं. त्या रात्री नीलानं दार उघडलं, तिला बाजूला सारून आधी अंगणातला दिवा घालवला. मग स्वयंपाकघरातला, मग न्हाणीघरातला. पोळी तव्यावर तशीच करपली. त्या दिवसापासून अंधार पडला की त्या घरात दिवा लागला नाही. तिनं चुकून लावला तर ते ओरडायचे नाहीत, रागवायचे नाहीत. नुसते उठून घालवायचे आणि भिंतीला टेकून बसायचे.

लीना: डॉक्टरांना नाही दाखवलं?

पद्मिनी: दाखवलं की. झोपेच्या गोळ्या दिल्या. पण झोप लागली तर पावलं ऐकू येणार नाहीत, म्हणून गोळी जिभेखाली धरायचे आणि नंतर टाकून द्यायचे. नीलानं मग डॉक्टरांचा नाद सोडला. ठरवलं, हा माणूस घराप्रमाणं बदलणार नाही, तर घरच या माणसाप्रमाणं बदलू. आता एकेक ऐक. जेवण उजेडातच व्हायला हवं, म्हणून रांधायचं दुपारी. कुकरची शिट्टी झाली की ते दचकून उठायचे, ताटावरून सुद्धा. सोलर कुकरला शिट्टी नसते.

लीना: म्हणजे तो सोलर कुकर...

पद्मिनी: सरकारी सवलतीत मिळत होता, आणला. काळ्या पेटीत डाळ-तांदूळ ठेवायचे, आरसा उन्हाकडं करायचा. धुकं असलं की गॅसवर एक उकळी काढून पातेलं गोधडीत गुंडाळायचं, आपसूक शिजतं. कूलरच्या घोंघाटात जिना वाजला तर कळायचं नाही, म्हणून कूलर बंद. मे महिन्यात जीव जाईल अशी उष्णता. मग वाळ्याचे पडदे, आणि कपडे धुतलेलं पाणी त्या पडद्यांवर आणि अंगणातल्या झाडांवर शिंपायचं. नळ वाहता ठेवला तरी तेच, आवाजात आवाज लपतो. म्हणून सकाळीच बादल्या भरून ठेवायच्या आणि दिवसभर मोजून वापरायच्या. कचरेवाला अवेळी थाप मारायचा. ती थाप नको म्हणून परसात खड्डा खणला, साली-देठं त्यात. ती वांगी बघितलीस ना?

लीना: मी फोटो काढून घेणार होते त्या वांग्यांचा.

पद्मिनी: काढ की. वांग्यांचा काय दोष.

लीना: आणि सगळे म्हणतात, नीलाताईंकडून शिका.

पद्मिनी: त्याचीही गोष्ट आहे. बिल एवढं खाली आलं की वीजखात्याला वाटलं मीटरमध्ये काहीतरी केलंय. एका संध्याकाळी तपासणीची माणसं आली, सोबत एक पोलीस. खाली दारावर थापा. मी गॅलरीतून पाहिलं आणि पदर खोचून धावले. मी पोचेपर्यंत नीलानं दार उघडलं होतं. साहेब विचारत होता, घरात अंधार का, माणसं राहतात की नाही इथं. शेजारीपाजारी जमलेले. आणि ही पोर शांतपणे म्हणाली, साहेब, आम्ही काटकसरीनं राहतो.

लीना: तेवढंच?

पद्मिनी: तेवढंच. मग माझा टॉर्च घेतला आणि त्या सगळ्यांना फिरवून दाखवलं. हा सोलर कुकर, ही गोधडी, हे पडदे, हा खड्डा. असं सांगत होती जसं काही लहानपणापासून हेच करत आलीय. साहेब भला होता. जाताना म्हणाला, बहनजी, माझ्या बायकोला पाठवतो शिकायला. झालं, तिथनं बोभाटा. मंडळात भाषण, हळदीकुंकवाला पाण्याच्या बचतीवर चार शब्द. लोकांना ते खरंच उपयोगी पडलं, ते काही खोटं नाही. माझाही गॅस आता दीड महिना जातो.

लीना: आणि विश्रामराव? ती माणसं घरात फिरत होती तेव्हा ते कुठं होते?

पद्मिनी: दिवाणाखाली. अंगावर धुण्याचं बोचकं ओढून घेतलेलं. नीलाला ठाऊक होतं. म्हणून त्या खोलीत ती टॉर्चचा उजेड नुसता पडद्यांवर धरत होती, खाली येऊच देत नव्हती. माणसं गेली, मी दार लावलं. ते काही बाहेर येईनात. मी म्हटलं, हाक मार. तिनं हाक मारली नाही. साडी आवरली आणि तीही दिवाणाखाली शिरली, त्यांच्या शेजारी. मी वर निघून आले. तिथं तिसऱ्याचं काम नव्हतं.

लीना: हे मी कसं छापणार, काकू?

पद्मिनी: थांब, अजून संपलं नाही. दोन वर्षं अशी गेली. ऑफिसनं त्यांना टेबलाचं काम दिलं, पायी जायचे, पायी यायचे. बसस्टँड एवढा जवळ, पण त्या रस्त्यानं जायचे नाहीत. एक दिवस नीला मला म्हणाली, त्या म्हातारीला भेटायला हवं. ज्या बाईनं माझं कुंकू राखलं तिच्या पाया तरी पडायला हवं. माझ्याबरोबर याल? मनात म्हटलं, दिवस वाईट आहेत. तोंडानं म्हटलं, चल. तिनं बेसनाचे लाडू केले आणि आम्ही सकाळच्या बसनं गेलो.

लीना: सापडली?

पद्मिनी: डोळ्यात फूल पडलेली बीजी, म्हणजे आजी, म्हटल्यावर गावात सगळ्यांना ठाऊक. लहानसं घर. रणरणतं ऊन, भर दुपार, आणि दारावर पिवळा दिवा जळतोय. नीला तिथंच थबकली. तिला वाटलं विसरून राहिला असेल, म्हातारीला दिसत नसेल. तसं बीजीला म्हणाली, तर ती म्हणाली, दिसतं मला तेवढं, मुद्दाम ठेवलाय. तिचा मुलगा. विशीतला. एका रात्री जीप आली आणि त्याला घेऊन गेली. आलेले वर्दीतले होते की बिनवर्दीचे, तिला दिसलं नाही. कुणी सांगतही नाही. तेव्हापासून दिवा घालवलेला नाही. म्हणाली, मी घालवायची आणि नेमका तेव्हाच तो यायचा.

लीना: कधी नेलं त्याला?

पद्मिनी: त्याच उन्हाळ्यात. त्या बसनंतर थोड्याच दिवसांत.

लीना: अरे देवा. मग नीलाताईंनी काय सांगितलं?

पद्मिनी: काही नाही. वाटेत बसमध्ये हिंदीतली सगळी वाक्यं जुळवत आली होती, मला म्हणून दाखवली होती. तिथं तोंडातून एक शब्द फुटेना. म्हणाली, आम्ही वाट चुकलो, पाणी मिळेल का. बीजीनं लस्सी दिली, वर लोणी घालून. लाडू तिथं ठेवले, प्रसाद आहे म्हणून. परत येताना मी नीलाला रागावले, एवढ्या लांब आलो आणि बोलली का नाहीस म्हणून. तर म्हणाली, काय बोलू? तुम्ही माझा माणूस राखलात आणि तुमचा गेला, हे सांगू? आभार मानणं म्हणजे तिच्या जखमेवर बसून जेवणं झालं असतं.

लीना: खरं आहे.

पद्मिनी: निघताना म्हातारीनं मात्र एक विचारलं होतं. बिल थकलंय, खात्याची माणसं लाईन तोडणार म्हणतात, तुम्ही शहरातल्या, तुमची कुणाशी ओळख आहे का. नीलानं घरी येऊन विश्रामरावांना सगळं सांगितलं, अंधारात बसून. ते ऐकत राहिले. तिला वाटलं, झालं, आता हा माणूस आणखी आत जाणार. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. विचारलं, रोपडची बस किती वाजता असते गं?

लीना: गेले? एकटे?

पद्मिनी: एकटे. नीला बसस्टँडपर्यंत मागून गेली, त्यांना न कळता. सांगत होती, दोन बस सोडल्या त्यांनी. पाय वर टाकायचे आणि खाली घ्यायचे. तिसरीत चढले. दिवसभर ती माझ्याकडं इथं बसून होती, भिंतीकडं बघत. उन्हं कलायच्या आत आले. थकलेलं बिल भरून आले होते. आता दर बिलाला जातात. हे घर जे वाचवतं ते तिथं जळतं.

लीना: आणि इकडं? घरी?

पद्मिनी: इकडं अंधारच. ते काही गेलं नाही, जाईल असंही वाटत नाही. पण हल्ली कधीमधी जिन्यात भेटले की विचारतात, वहिनी, बऱ्या आहात ना.

लीना: बीजीला माहीत आहे, हे तेच म्हणून?

पद्मिनी: छे. तिला वाटतं, वीजखात्याचा कुणी बाबू आहे, वाकडं हिंदी बोलणारा. दर वेळी लस्सी देते आणि तेच विचारते. दिवसाही जळतो म्हणून खातं रागावणार तर नाही ना, मुलगा आला की लगेच बंद करीन.

लीना: मग ते काय सांगतात?

पद्मिनी: म्हणतात, जळू द्या, बीजी. खात्याला काही घाई नाही.