तळहातावरचे डाग

अगं, बांगड्या भरताना मी आधी हात बघते, मग माप. भडगावच्या दुकानात एक सासू सातव्या महिन्यातल्या सुनेला घेऊन आली. सुनेच्या तळहातावर तांबूस डाग होते.

"खाजतात?"

"नाही. तळपायालाही आहेत."

मला आठवलं: दवाखान्यातल्या गुप्तरोगाच्या तक्त्यावर हेच चित्र होतं.

सासू म्हणाली, "गरमी शे ती. सब्जा पाजसू. तू चुडा भर."

"अक्का, बाळाला लागण होईल. आधी रक्त तपासा. त्याशिवाय मी भरणार नाही."

"अपशकुनी!" म्हणत ती सुनेला ओढत घेऊन गेली.

आठवड्याने दोघी परत आल्या. त्या गुप्तरोगालाही, उपदंशाला, लोक गरमीच म्हणतात ना! सासू मान खाली घालून म्हणाली, "डॉक्टरबी गरमीच म्हने. सुई हिले बी, मन्हा पोऱ्याले बी. आते भर चुडा."