अक्षतेआधीचा मामा

आरं ऐक की, आत्ता काय झालं! बसवकल्याणच्या लग्नाचा व्हिडिओ एडिट करायलो हुतो, तर नवरीचा मामाच आला स्टुडिओत. बस बंद पडली म्हणून हा अक्षता पडल्यावर पोचलेला. नवरीची आई तवा रिवाजाप्रमाणं तुळशीपाशी, तिला काय दिसलं न्हाई, पण लोकांनी चुगली केली. तवापासून बहीण ह्याच्याशी बोलत न्हाई.

"अण्णा, मला तेवढं अक्षतेआधी बसव."

मी टाइमलाइनवर मागं गेलो, नवरीजवळ उभारलेला त्याचा तुकडा ओढून अंतरपाटाच्या आधी ठेवला. तेवढ्यात बहीणच आली. लावून दाखवलं. तिनं डोळे पुसले.

"दादा, हुतास की रं तू! लोकं कायबी सांगत्यात."

मामा खूश. मग ती पडद्याजवळ सरकली.

"पण बाळा, अंतरपाटाआधीच पोरीच्या गळ्यात मंगळसूत्र कामून?"

मामा माझ्याकडं बघायलाय. सांग, तू काय म्हणला असतास?