चौकशी अधिकारी दाराबाहेर का थांबायचे

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत ते, मानसतज्ज्ञांना परवाना देणाऱ्या परिषदेचे चौकशी अधिकारी सर आणि सभागृहातल्या सर्व मानसतज्ज्ञ मंडळींनो,

मी तुमच्यातला नाही. कॉलेजही अर्ध्यात सोडलेलं. पण सर म्हणाले, "माझ्याशी भांडलेलं कुणीतरी बोलू दे." मग माझंच नाव पुढे आलं, यात नवल नाही.

माझी ताई मानसतज्ज्ञ. तिच्याकडे येणारी एक मुलगी एकदा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली. ताईने घाबरून, तिला न विचारता, तिच्या आईला फोन केला. ताईने आपला विश्वास मोडला, अशी त्या मुलीने परिषदेकडे तक्रार केली. चूक कुणाची? तेव्हा मला काडीची शंका नव्हती, आज थोडी आहे. ताईचा परवाना राहणार की जाणार, यावर आमचं अख्खं घर टांगणीला लागलं होतं.

चौकशी सरांनी केली. दोघींचं सारख्याच शांतपणे ऐकलं. मग निर्णयाचा दिवस उजाडला. निकाल देणारी समिती आत गेली, दार लागलं, आणि सर मात्र बाहेर, आमच्याच बाकावर येऊन बसले.

मी तडकलो. "सगळं प्रकरण तुम्ही उकरलंत, आणि ऐन वेळी हात झटकता?"

"गप रे," ताई दबक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या तोंडापायी जाईल माझा परवाना."

"नाही जाणार," सर म्हणाले. "आत मला मत देता येत नाही. होऊ दे त्याचं बोलून."

असं कुणी म्हटलं की रागातली मजाच जाते हो.

"पण सगळ्यात जास्त माहिती तुम्हालाच ना?"

"म्हणूनच बाहेर. खणता खणता माणसाचं मत बनतं. मग उलटं काही समोर आलं, तरी नजर त्यावरून घसरते. अहवालात त्या दोघी काय म्हणाल्या तेवढंच लिहिलंय. मला काय वाटलं, ते नाही."

"काय वाटलं?"

सर उठून पाणी प्यायला गेले. मी एका मुलीच्या होकाराची वर्षभर वाट बघतोय, त्यामुळे न मिळालेलं उत्तर कसं कुरतडतं, हे मला विचारा.

परवाना राहिला. वर्षभर ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करायचं, एवढंच ठरलं.

गेल्या आठवड्यात या भाषणाच्या निमित्ताने सरांना गाठलं आणि पुन्हा तेच विचारलं. कप खाली ठेवत ते म्हणाले, "परवाना काढून घ्यावा, असं वाटलं होतं."

"आणि आता?"

"अजून विचार करतोय."

ताई मागच्या रांगेत बसली आहे. तिला हे आत्ताच कळतंय. ताई, अशी बघू नकोस. तुझ्याविरुद्ध मत असलेल्या माणसाने ते स्वतःजवळ ठेवलं, म्हणून तू आज या सभागृहात आहेस.

सर, तुमचे मनापासून आभार. आयोजकांचेही. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला. ताईला सरांशी काय बोलायचंय, ते मात्र मलाही ऐकायचं आहे. तिला जरा वाट द्या.