पेरणीयंत्राच्या पत्र्याची दारं

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या शेती अवजार सोसायटीचे चेअरमन माननीय भगवानराव, व्यासपीठावरील संचालक मंडळी, नवे मॅनेजर दिनकरराव, ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो ते आजवरचे मॅनेजर, सत्कारमूर्ती व्यंकटरावसाहेब, आयुष्यात पहिल्यांदाच कारखान्यात येऊन पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आणि समोरच्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम आणि राम राम.

मी नागनाथ, फिटिंग खात्याचा फोरमन. माझ्याआधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या शिस्तीबद्दल सांगितलं. ते सगळं खरं आहे. साहेब चहा फार वाईट करतात, हे मात्र कोणी बोललं नाही. असो.

मला अठ्ठ्याहत्तर सालचं सांगायचं आहे. इथल्या तरुण पोरांना नामांतर म्हटलं की यंदाच्या जानेवारीतली घोषणा आठवते. आम्हाला त्याआधीची आग आठवते. विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात आमची वस्ती जळाली. माणसं पळाली म्हणून वाचली. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांत ज्यांचे नातलग होते, त्यांना तिथं आसरा मिळाला. एका खोलीत तीन-तीन चुली पेटायच्या.

इकडे कारखान्याची गत काय? पत्रा, अँगल, भट्टीचा कोळसा, सगळं मालगाडीनं यायचं, आणि तेही एकाच व्यापाऱ्याकडून. कुठं रूळ उखडलेले, कुठं रस्ते बंद. गाडी थांबली तशी भट्टीही थांबली. रब्बीच्या पेरणीयंत्रांसाठी आणून ठेवलेला पत्रा आणि अँगल तेवढा शेडमध्ये होता.

अशात मी आणि आमच्याच वस्तीतल्या, रंगखात्यातल्या सरजाबाई कारखान्यात आलो. साहेबांनी विचारलं, "सरजाबाई, कामावर कधी येता?"

"आज येते की. पर सायब, रंग कशाला देऊ? यंत्राला का माज्या घराच्या राखंला?"

साहेब खुर्चीवरून उठले. म्हणाले, "काय करू, सांगा."

"भिंती आमी घालू. वरून गवताचं छप्पर घालू. दार न्हाई, सायब. लेकीबाळी घेऊन निजायचं कसं? आतून कडी लागंल असं दार पाहिजे."

आता सांगा, अवजारांच्या कारखान्याच्या मॅनेजरनं यावर काय म्हणावं? अर्ज करा, वर पाठवतो, असं म्हणता आलं असतं. साहेब शेडमध्ये गेले. यंत्राची एक चौकट त्यांनी भिंतीला उभी लावली, लांब जाऊन पाहिली आणि मला म्हणाले, "नागनाथ, हिचंच दार केलं तर?"

केलं! फर्मा तोच, फक्त भोकं सरकवली. बियाण्याच्या पेटीचा पत्रा वाकवायचा, तो सरळच ठेवला. जोडाचे रिबीट थंडच ठोकायचे, म्हणजे भट्टीचं कामच नाही. जे थोडे कामगार येत होते, त्यांत सगळ्या जातींचे होते. कोणी नाही म्हटलं नाही.

संचालकांच्या बैठकीत मात्र वादळ झालं. सोसायटीचा माल कोणाच्या हुकमानं वापरला? रब्बीला शेतकऱ्यांना काय देणार? साहेबांची नोकरी जायची वेळ आली. सगळ्यांत मोठ्या आवाजात कोण बोललं होतं? आजचे अध्यक्ष! भगवानराव हसायलेत, म्हणून मी धीर करून सांगतो. पण त्याच संध्याकाळी दारं वाहून न्यायला आपली बैलगाडीही त्यांनीच पाठवली होती.

दारं बसली. पण पत्रा संपला, चौकटींपुरता अँगल तेवढा उरला, आणि ज्वारीची पेरणी तोंडावर आली. मग साहेब मला घेऊन चुडाव्याला सिताराम सुतारांकडे गेले. बियाण्याची पेटी लाकडाची करून द्याल का, असं त्यांनी विचारलं.

सिताराममामा म्हणाले, "माजा आजा तिफणी करायचा, पेटीचं काय घिऊन बसलाव? पर तुमच्या कारखान्यानं आमचा धंदा बुडवला की."

साहेब म्हणाले, "बुडवला खरा. आता तुमच्याशिवाय आमचा बुडायलाय."

मामा इतके हसले की रंधा खाली ठेवावा लागला. त्यांनी राणीसावरगावपर्यंतच्या आपल्या सोयऱ्यांना कामाला लावलं. गावोगावच्या सुतारांकडून पेट्या येऊ लागल्या. काही गावांनी सांगून पाठवलं, ज्यांनी त्या वस्तीला दारं दिली त्यांचं यंत्र नको. साहेबांनी तरीही यंत्रं तयार ठेवली.

एक दिवस आमच्याच गावचे शेतकरी किशनराव यंत्र न्यायला गाडी घेऊन आले. मी यंत्र जोडून दिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. निघताना बैलाची वेसण धरून म्हणाले, "नागनाथ, घर झालं का?"

"झालं."

"यिऊ का बघाया?"

मी आवळलेलाच नट पुन्हा आवळू लागलो. मागून साहेबच म्हणाले, "त्याला नीट विचार करू द्या, किशनराव. घाई करू नका."

मी विचार केला आणि पुढच्या बाजाराला हो म्हणालो. ते आले, चहा घेतला. फार बोलणं झालं नाही. आजही होत नाही, पण येणं-जाणं आहे.

त्यानंतर साहेबांनी एकाच व्यापाऱ्यावर कारखाना कधी ठेवला नाही. रेल्वेची छोटी लाइन मोठी करायच्या कामात मालगाड्या बंद झाल्या, तेव्हा शेजारचे कारखाने बसले. आपल्याकडं सुट्टीसुद्धा मिळाली नाही, अशी पोरांची तक्रार होती! दिनकरराव, आता माल लवकर येतो, फोनही आलेत. तरी चुडाव्याचा रस्ता विसरू नका, एवढीच विनंती.

सरजाबाई गेल्या वर्षी वारल्या. आज त्यांच्या जागी काम करणारी त्यांची सून सुलाबाई साहेबांना हार घालील. सिताराममामांचं सगळं घर दाराबाहेर उभं आहे, त्यांना कृपा करून आत वाट द्या. सभेनं माझं इतका वेळ ऐकलं, त्याबद्दल आभारी आहे. फिटर माणूस आहे, बोलण्यात कुठं सांधा सुटला असेल, कोणाला टोचलं असेल, तर आपला म्हणून सांभाळून घ्या.

साहेब, उठा. सुलाबाई हार घेऊन उभी आहे.