वाकवलेल्या पट्टीबाबत

मी, वय २७ वर्षे, धंदा नोकरी, कारागृहातील वेल्डिंग वर्गाची शिल्पनिदेशक, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, आईसह, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वर्गात अकरा बंदी आहेत. त्यांपैकी ज्यांना सगळे काका म्हणतात, ते चार महिन्यांनी सुटणार आहेत. त्यांची व्यवसाय परीक्षा आज सकाळी अकराला होती. ती वर्षातून एकदाच होते.

वेल्डिंगच्या सरावाच्या जोडातून लोखंडी पट्टी कापून आम्ही ती वाकवून पाहतो. जोड उकलला तर नापास. सोमवारी काकांची पट्टी पूर्ण वाकली, चीर पडली नाही. ते म्हणाले, "बाई, जन्मात पहिल्यांदा काहीतरी धड जोडलं. पोरीला दाखवू का?" मागून एकजण म्हणाला, "दाखवा, काका. कपाटात मांडून ठेवेल." सगळे हसले. मीही हसले.

तपासलेली पट्टी भंगारात टाकून मग नोंद करायची असते. मी नोंद आधीच करते, वेळ वाचतो. त्या दिवशीही "भंगारात जमा" लिहून सही केली आणि नंतर पट्टी काकांना दिली.

बुधवारी त्यांची मुलगी भेटीला येणार होती. ती आली नाही. गुरुवारी झडतीत पट्टी घोंगडीखाली सापडली.

तुरुंगाधिकाऱ्यांनी कोणी दिली असे विचारले. काका म्हणाले, "मीच उचलली." मी दारात उभी होते. मी बोलले नाही.

नोंदवही त्यांच्या म्हणण्याशी जुळत होती. चोरीची व हत्यार बाळगल्याची फिर्याद झाली. काकांना एकट्या कोठडीत टाकले, परीक्षेच्या यादीतून नाव काढले.

शुक्रवारी मी तुरुंगाधिकाऱ्यांना खरे सांगितले. ते म्हणाले, "सही खोटी की तुम्ही खोट्या? शिकवून काय दिवे लावणार होता तो? शिक्षा भोगायला आलाय."

पट्टी ३८ मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड आहे. कडा काकांनी कानशीने गोल केल्या आहेत. तिने काही कापले जात नाही.

आज साडेनऊला मी ठाण्यात आले. साहेब येईपर्यंत बसण्यास सांगितले.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात पट्टी मी दिली हे वाक्य राहिले होते, ते घालून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही केली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.